‘उलयत मागीर’ची किंमत

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या वाड्यावरच्या अंगणवाडीत (आमच्याकडे तिला अजून बालवाडीच म्हणतात) एक आई अडीच वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन आली आणि म्हणाली, “बाई, हो अजून उलयना.” हा अजून बोलत नाही. पोषण आहार न्यायला आलेल्या तीन-चार बायका ओट्यावर बसल्या होत्या. त्यांतली एक लगेच म्हणाली, “ताचो बापूयय वेळान उलयिल्लो. उलयत मागीर.” बापही उशिराच बोलला होता; बोलेल मागाहून. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. एकतीस वर्षं सरकारी मराठी प्राथमिक शाळेत पहिली-दुसरी शिकवलेली बाई मी. माझ्या मानेला गावात वजन आहे. ती आई निर्धास्त होऊन घरी गेली.

मुलगा साडेचार वर्षांचा झाला तेव्हा कुणीतरी सांगितलं म्हणून कान तपासले. दोन्ही कानांनी त्याला जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. मागून हाक मारली तर तो वळायचा नाही. पण समोरच्या माणसाच्या ओठांकडे, हातांकडे बघून सगळं ओळखायचा, म्हणून घरात कुणाला शंका आली नव्हती. हट्टी आहे, एवढंच म्हणायचे.

नवजात बाळांच्या कानांबद्दल जगभरचे डॉक्टर एक-तीन-सहा असा हिशेब सांगतात. एका महिन्याच्या आत पहिली तपासणी, तीन महिन्यांच्या आत पक्कं निदान, सहा महिन्यांच्या आत उपाय सुरू. आम्ही चौपन्न महिने घेतले. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेत जन्मापासून न ऐकणाऱ्या मुलांना कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेनं कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र) मिळू शकतं, पण त्याला पाच वर्षांची वयोमर्यादा आहे. म्हणजे हातात सहा महिने उरले होते. ते तपासण्यांत, दाखल्यांत आणि “कानामागं कापायचं नाही” म्हणणाऱ्या आजीची समजूत काढण्यात संपले.

हे मी पापाची कबुली म्हणून लिहीत नाही. (बरं, थोडी तीही आहे.) पण त्या ओट्यावर बसलेल्या आम्हा पाच-सहा बायकांपैकी एकीलाही वाईट वाटावं असं काही तेव्हा कुणी बोललं नव्हतं. सगळ्या मायेनंच बोलत होत्या. तिथं नव्हतं ते एकच माणूस: ज्याला लहान मुलांतलं अपंगत्व ओळखता येतं, आणि ओळखून झाल्यावर जे पुढच्या आठवड्यात परत येतं. गोव्यात पैसा आहे, डॉक्टर आहेत, कायदे आहेत, उत्सवही आहे. सहा वर्षांच्या आतल्या दिव्यांग मुलांच्या कुठल्याही कार्यक्रमाबद्दल मी आता एकच प्रश्न विचारते. दर आठवड्याला त्या मुलापर्यंत कोण पोचतं?

आधी कायद्याचं बोलू, थोडक्यात. शिक्षण हक्क कायदा २००९चा. तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना हक्क देतो. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६चा. त्याचं ३१ वं कलम मोफत शिक्षणाचा हक्क सहा ते अठरा या वयाला देतं, तोही चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचा दाखला असेल तर. सहाच्या आतल्या मुलांसाठी शिक्षण हक्क कायद्यात ११ वं कलम आहे आणि त्यात सरकार आवश्यक ती व्यवस्था ‘करू शकेल’ असं लिहिलंय. ‘करील’ नव्हे. अमेरिकेनं अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा १९७५ साली केला आणि १९८६च्या दुरुस्तीत जन्मापासूनच्या बाळांनाही त्यात आणलं, कारण शाळेच्या वयाला सुरुवात केली तर फार उशीर होतो हे तोवर त्यांच्या लक्षात आलं होतं. आपण अजून सहाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर अडून आहोत.

कायद्यात नसलं तरी योजनेत आहे, असं कुणी म्हणेल, आणि ते खरंय. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाला. त्याचं फिरतं वैद्यकीय पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत यावं अशी रचना आहे. जन्मजात व्यंगापासून विकासातल्या उशिरापर्यंत सगळं बघणं त्यांचं काम. २८ नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीची खास कार्यपद्धती जाहीर केली: लवकर ओळखा, अंगणवाडीत सामावून घ्या, आशाताई आणि वैद्यकीय पथकामार्फत पुढं पाठवा. पुढच्याच वर्षी तीन वर्षांच्या आतल्या मुलांसाठी ‘नवचेतना’ हा आराखडा आला, त्यातही दिव्यांग मुलांचा विचार आहे. हे सगळं चांगलं लिहिलेलं आहे, टिंगल करण्यासारखं त्यात काही नाही. अडतं ते ‘पुढं पाठवा’ या दोन शब्दांपाशी.

पुढं म्हणजे कुठं, ते सांगते. आमच्या शेजारच्या वाड्यावरच्या एका मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला लहानपणीच इजा झाल्यानं हातापायांवर ताबा राहत नाही. नाव घेत नाही, बाय म्हणते. घरातही तिला बायच म्हणतात. दोन वर्षांची असताना तिला ‘पुढं पाठवलं’. आई पहाटे उठून चूल-भाकर करणार, पहिल्या बसनं वाळपई गाठणार, तिथून पणजीकडची बस, मग बांबोळीच्या सरकारी इस्पितळाचा चढ. पाय ताठ होऊन कात्रीसारखे एकमेकांवर चढणारं मूल मांडीवर, आणि कदंबाच्या (आमच्या सरकारी) बसला जितके खड्डे तितके तिला झटके. तिथली थेरपिस्ट मुलगी फार चांगली होती, हे आईच सांगते. चाळीस मिनिटं तिनं बायला मोठ्या चेंडूवर झुलवलं, पाय मोकळे केले, आईला चौदा व्यायामांचा छापील कागद दिला आणि दर आठवड्याला या म्हणाली. दर आठवड्याला एक दिवसाची मजुरी बुडवून आई पाच वेळा गेली. मग पाऊस लागला. मग धाकटा आजारी पडला. तो चौदा व्यायामांचा कागद त्यांच्या स्वयंपाकघरात कालनिर्णयच्या मागं अडकवलेला मी स्वतः पाहिलाय, एका कोपऱ्याला तेलाचा डाग पडलेला.

अशा मुलांच्या फायलीत पुढं एक वाक्य येतं: पालकांनी उपचार सोडले. ‘सोडले’ या क्रियापदाचा मला मनापासून राग आहे. आठवड्यातले १६८ तास धरले तर त्यांतली चाळीस मिनिटं चेंडूवर आणि उरलेले सगळे तास घरात, अंगणात, आजीच्या मांडीवर. आई चाळीस मिनिटांना मुकली हे खरं. पण उरलेल्या तासांकडं आपल्यापैकी कुणी बघितलं होतं?

अगदी हीच अडचण १९६९ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात पोर्टेज नावाच्या गावी लोकांपुढं होती. वस्त्या पांगलेल्या, अपंग मुलं थोडी, अंतरं मोठी. मुलांना केंद्रावर आणणं जमेना म्हणून त्यांनी शिक्षिका घरी पाठवली. आठवड्यातून एकदा. ती आईशी बोलायची, मुलाला आज काय येतं ते बघायची, त्याच्या पुढची एकच पायरी ठरवायची, करून दाखवायची, आईकडून करून घ्यायची आणि आठवडाभरानं येऊन काय झालं ते पाहायची. ही पद्धत पुढं अनेक देशांत गेली, भारतातही वापरली गेली. तिला ना मोठी इमारत लागते, ना रंगीत चेंडू. वेळ असलेलं, शिकलेलं, रस्ता माहीत असलेलं माणूस लागतं.

बायच्या बाबतीत पुढं जे घडलं ते योगायोगानं घडलं, आणि म्हणूनच ते सांगायला हवं. एका शिबिराच्या निमित्तानं एक फिजिओथेरपिस्ट आमच्या अंगणवाडीत आली. शिबिर संपल्यावर तासभर थांबली. बाय मदतनीस ताईच्या मांडीवर होती, ताठ होऊन मागं कलंडत होती. त्या बाईनं खोलीचा कोपरा दाखवला. दोन भिंती मिळतात तिथं मूल बसवलं की पाठीला दोन्ही बाजूंनी आधार मिळतो, खांदे आपोआप पुढं येतात आणि हात समोर मोकळे होतात. मांड्यांच्या मध्ये टॉवेलची गुंडाळी ठेवली की पायांची कात्री पडत नाही. तळवे टेकले पाहिजेत, म्हणून खाली पाट. झालं. गावच्या मेस्तानं (सुतारानं) नंतर प्लायवूडची कोपऱ्याची खुर्ची करून दिली, समोर फळी, फळीला कड, म्हणजे मणी खाली घरंगळत नाहीत. पैसे मदतनीस ताईनं आणि मी मिळून दिले.

हात मोकळे झाल्यावर बायनं पहिलं काम केलं ते शेजारच्या मुलाच्या हातातला खडू हिसकावण्याचं. तो रडला. सेविका त्याची समजूत घालू लागली आणि मदतनीस ताई तोंडाला पदर लावून हसत होती. साडेतीन वर्षांत त्या मुलीनं पहिल्यांदाच कुणाचं काही घेतलं होतं.

जेवणाचं तर त्याहून मोठं. मांडीवर मागं मान टाकून घातलेली पेज श्वासनलिकेकडं जायची. खोकला, ठसका, दर पावसाळ्यात छातीत कफ. सरळ बसवून, हनुवटी किंचित खाली, चमचा जिभेवर सपाट आणि एक घास गिळेपर्यंत दुसरा नाही, एवढं शिकवल्यावर ठसके कमी झाले. पातळ पेजेपेक्षा दाट पेज अशा मुलांना सांभाळायला सोपी जाते, हे त्या फिजिओनं सांगितलं. मदतनीस ताई म्हणाली, “मग शितां घोटून घालतां.” भाताची शितं पेजेतच घोटून घालते. चौदा व्यायामांच्या कागदावर ही ओळ नव्हती.

हे चाललं कशामुळं? खुर्चीमुळं, असं गावात म्हणतात. मला वाटतं ते अर्धंच खरं आहे. ते चाललं कारण बाय रोज जेवते. जे रोज करायचंच आहे त्यातच शिकवणं बसवलं, म्हणून ते वेगळं ‘करावं’ लागलं नाही. आंघोळ घालताना हात वर करणं, कपडे घालताना पाय उचलणं, पाणी हवं असेल तर पेल्याकडं बघणं: लहान मुलाची शाळा ही. ज्या कार्यक्रमात आईला दिवसातून तासभर बाजूला काढून व्यायाम घ्यायला सांगतात तो कार्यक्रम खेड्यातल्या आईला दोन महिन्यांत अपराधी करून सोडतो. आईला थेरपिस्ट करू नका. तिला आठवड्याला एक, फार तर दोन गोष्टी सांगा, त्याही तिच्या कामात बसतील अशा. बाकी तिला आईच राहू द्या. ते काम कमी नाही.

आता आक्षेपांकडं येते. पहिला आणि सगळ्यांत रास्त: अंगणवाडी सेविकेवर आणखी किती टाकायचं? वजनं तीच घेते, उंची तीच मोजते, मोबाइलवरच्या पोषण ट्रॅकरमध्ये तीच भरते, रेंज नसली तर टेकडीवर जाऊन भरते, वर सरकारचं जे सर्वेक्षण निघेल ते तिच्याच दारात येतं. पगार नव्हे, मानधन मिळतं. माता-बाल संरक्षण कार्डात वजनाचा आलेख असतो, तसं कुठल्या वयाला मूल काय करू लागतं त्याचीही चित्रं असतात. मी पाहिलेल्या कार्डांपैकी बहुतेकांत वजनाच्या टिंबांची रांग व्यवस्थित आणि चित्रांचं पान कोरं. तिचा दोष म्हणून सांगत नाही. वजनाचा आकडा वर विचारला जातो, चित्रांचं पान कुणी विचारत नाही.

म्हणून ‘सेविकांना प्रशिक्षण देऊ’ या उत्तरावर माझा विश्वास उरलेला नाही. शंका कशी घ्यायची तेवढं तिला जरूर शिकवावं. मुलाला शिकवण्यासाठी मात्र दुसरं माणूस हवं, फिरती शिक्षिका. साधा हिशेब करते. गोव्याचं क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर, तालुके बारा, अंगणवाड्या साडेबाराशेच्या आसपास. एका फिरत्या शिक्षिकेकडं वीस अंगणवाड्या दिल्या तर साठ-पासष्ट शिक्षिका लागतील. वीस अंगणवाड्यांच्या टापूत तिला पंधरा-वीस मुलं मिळतील असं धरलं, तर दिवसाला तीन-चार घरं किंवा अंगणवाड्या, स्कूटरवरून, आठवड्याला प्रत्येक मूल एकदा. महाराष्ट्रातल्या एखाद्या मोठ्या जिल्ह्याला हे स्वप्न वाटेल. गोव्याएवढ्या राज्याला ते एका अंदाजपत्रकातल्या एका ओळीचं काम आहे.

ही माणसं आणायची कुठून, हा प्रश्न खरा आहे. भारतीय पुनर्वास परिषदेकडं नोंदणी झालेले विशेष शिक्षक मुळात कमी. सर्वोच्च न्यायालयानं २८ ऑक्टोबर २०२१च्या निकालात प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग मुलांमागं एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलं, आणि शाळांनाच ते गाठणं जड जातंय. मग बालवाडीला कोण विचारतो. पण गोव्यात अनुभव नाही असं नाही. पर्वरीचं संजय स्कूल, फोंड्याचं लोकविश्वास प्रतिष्ठान, डिचोलीची केशव सेवा साधना, बालविकासात काम करणारी सेतू: या संस्थांत वर्षानुवर्षं हात मळलेली माणसं आहेत. त्यांना मार्गदर्शक करावं. बारावी झालेल्या, गावातच राहणाऱ्या मुली-सुना निवडाव्यात, त्यांना वर्षभर त्यांच्या हाताखाली शिकू द्यावं, आणि पुढंही महिन्यातून एकदा एखादा थेरपिस्ट त्यांच्याबरोबर फिरावा. तीन दिवसांचं प्रशिक्षण आणि प्रमाणपत्राची फ्रेम, हा प्रकार नको.

इथं पर्पल फेस्ट या दिव्यांगांच्या उत्सवाबद्दल बोलणं भाग आहे, कारण गोव्यात दिव्यांगांचा विषय निघाला की लोक तेच सांगतात. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत तो पहिल्यांदा भरला. मी गेले होते. मांडवीच्या काठानं व्हीलचेअर्सच्या रांगा, खुणांच्या भाषेत मोठमोठ्यानं (हो, मोठमोठ्यानंच) चाललेल्या गप्पा, आणि कुणीही कुणाकडं टक लावून बघत नव्हतं. मला तो उत्सव आवडला. देशात कौतुक झालं ते बरंच झालं. फक्त तिथं जो जांभळा शर्ट घालून नाचत होता तो तरुण कधीतरी तीन वर्षांचा होता, आणि तेव्हा त्याच्यासमोर कुणीतरी रोज बसलं होतं म्हणून तो तिथवर आला. जिच्यासमोर कुणी बसलं नाही ती मुलगी तिथं आलीच नव्हती.

दुसरा आक्षेप: विशेष शाळा आहेत ना? आहेत, आणि त्या बंद करा म्हणणाऱ्यांतली मी नाही. उलट एका बाबतीत माझं मत समावेशवाल्यांना, म्हणजे सगळ्या मुलांना साध्याच शाळेत घाला म्हणणाऱ्यांना, आवडणार नाही. न ऐकणाऱ्या मुलाला त्याच्यासारखी मुलं लागतात. मी सुरुवातीला सांगितलेला मुलगा पाचव्या वर्षी एका विशेष शाळेत गेला आणि तिथं त्यानं पहिल्यांदा हातांनी बोलणारी दहा मुलं एकत्र बघितली. दिवाळीत घरी आला तेव्हा त्याचे हात थांबत नव्हते. आमच्या अंगणवाडीत त्याला जेवण, माया, खेळ सगळं मिळत होतं. भाषा मिळत नव्हती, आणि भाषा एकट्याला शिकता येत नाही. अशा मुलांसाठी तालुक्याच्या ठिकाणी खुणांची भाषा येणारी बालवाडी हवी, आईबापांना ती भाषा शिकवणारे वर्गही हवेत. बाकी बहुतेक मुलांना मात्र वाड्यावरची बालवाडीच बरी. तिथं खडू हिसकावायला शेजारी मिळतो.

भाषेवरून आठवलं, आणि हे मला सगळ्यांत जास्त बोचतं. डिचोलीजवळच्या एका ओळखीच्या घरातल्या मुलाला स्वमग्नता (ऑटिझम) आहे. तीन वर्षांचा असताना शहरातल्या एका खासगी ठिकाणी त्यांना सांगितलं गेलं: घरात एकच भाषा बोला, दोन-तीन भाषांनी मूल गोंधळतं, आणि शाळा इंग्रजी असणार, तेव्हा इंग्रजीच बोला. आई मराठी माध्यमातून दहावी झालेली. तिच्याजवळ इंग्रजीचे वीसेक शब्द. कम. सीट. ईट. गिव्ह. नो. आजी दिवसभर बडबडणारी. नारळ सोलताना, बांगडे साफ करताना तिचं तोंड चालूच, देवाशी, मांजराशी, मेलेल्या दिराशी. तिला गप्प बसायला सांगितलं. आठ महिने त्या घरात कुणी मोकळेपणानं बोललं नाही. मुलगा बोलेल म्हणून सगळं घर मुकं झालं.

स्वमग्न मुलं असोत की डाऊन सिंड्रोम असलेली, दोन भाषांच्या घरात वाढल्यानं ती एका भाषेत वाढणाऱ्या तशाच मुलांपेक्षा मागं पडत नाहीत, असं गेल्या वीसेक वर्षांतलं संशोधन सांगतं. अनुभवही तेच सांगतो. मुलाला लागते ती भरपूर, जिवंत, त्याच्याकडं बघून बोललेली भाषा, आणि ती माणूस फक्त आपल्या तोंडच्या भाषेतच बोलू शकतो. दुसऱ्या एका थेरपिस्टनं त्या कुटुंबाला हे सांगितलं तेव्हा आजी पुन्हा बोलू लागली. मुलाचा पहिला शब्द तिच्याच समोर आला. ती खोबरं कातत होती, त्यानं हात पुढं केला आणि म्हणाला, “दी.” दे.

मराठी की कोंकणी हा वाद आम्ही गोवेकर कुठंही उकरून काढू शकतो, इथं नको. आमची मुलं घरात कोंकणी ऐकतात, अंगणवाडीत आणि भजनात मराठी, मोबाइलवर हिंदी, पाटीवर इंग्रजी, आणि बहुतेक सगळी त्यातून तरतात. मुद्दा साहित्याचा आहे. बोलायला शिकवायच्या चित्रपत्त्यांवर मी स्नोमॅन पाहिलाय. सत्तरीतल्या मुलाला स्नोमॅन. त्याच्या पत्त्यावर पेजेची वाटी असावी, काजूचा बोंडू असावा, कदंबाची बस असावी, विळी असावी, आणि मागच्या बाजूला आई म्हणते तो शब्द. हे छापायला कुठल्याही तज्ज्ञ समितीची गरज नाही.

दाखल्याबद्दल थोडं. टक्केवारीचा दाखला मोठ्यांच्या सवलतींसाठी बनलेला आहे. तीन वर्षांच्या मुलाच्या विकासात उशीर आहे एवढंच दिसत असतं. पुढं ते किती टक्के ठरेल ते कुणी सांगू शकत नाही, म्हणून पाच वर्षांच्या आत बहुधा तात्पुरताच दाखला मिळतो. बरेच आईबाप तोही काढत नाहीत, मुलीच्या कपाळावर शिक्का नको म्हणून. त्यांना मूर्ख म्हणणं सोपं आहे. आठवड्याची भेट सुरू करायला दाखला मागूच नये. शंका आली, भेट सुरू. शंका खोटी निघाली तर काय बिघडलं? एका धडधाकट मुलाशी कुणीतरी चार महिने जास्त खेळलं.

आणि या सगळ्याचं मोजमाप कसं करायचं? किती शिबिरं झाली, किती व्हीलचेअर्स वाटल्या, किती सेविका प्रशिक्षित केल्या, हे आकडे अहवालात शोभतात. मी पर्यवेक्षिका असते तर प्रत्येक मुलामागं एक वही ठेवली असती आणि त्यात दर महिन्याला दोन ओळी. बाय स्वतःच्या हातानं चमचा तोंडापर्यंत नेते, अर्धा सांडते. बाबू भूक लागल्यावर आता आईचा हात ओढत नाही, ‘पेज’ म्हणतो. आणि पहिल्या पानावर दोन तारखा: शंका कधी आली, पहिली भेट कधी झाली. या दोन तारखांमधले दिवस मोजावेत. आमच्या गावात ते सातशेच्या वर होते.

राष्ट्रीय शिक्षण धोरणानं तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानलाय आणि गोव्यानं २०२३-२४ पासून त्याची सुरुवातही केली. म्हणजे बालवाडी आणि पहिली-दुसरी यांच्यामधली भिंत कागदावर तरी पडली. आमच्याकडं ती भिंत खरोखरीची आहे: अंगणवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच कौलारू छपराखाली, मध्ये एक दार, दाराला कडी. येत्या जूनमध्ये बाय त्या दारातून पहिलीत जायची आहे. मी परवा शाळेत जाऊन विचारून आले. प्रवेश मिळेल, नाव लिहून घेतलंय. खुर्चीचं मात्र अडलंय. ती अंगणवाडीच्या साठा-नोंदवहीत नाही, त्यामुळं अंगणवाडी ती शाळेला ‘हस्तांतरित’ करू शकत नाही, आणि नोंद नसलेली वस्तू शाळा वर्गात ठेवून घेऊ शकत नाही. मेस्ताकडून पावती आणा, म्हणाले. मेस्तानं आयुष्यात पावती दिलेली नाही. मदतनीस ताई म्हणते, जूनच्या पहिल्या दिवशी शाळा उघडायच्या आधी आपणच दोघी ती उचलून आत ठेवू.